नाचणाऱ्यांचं बिऱ्हाड

बॅले नर्तकांनी देश सोडल्याच्या गोष्टी सांगायला बसलं की सुरुवात नुरेयेवपासून होते. 16 जून 1961, पॅरिसचा ल बूर्जे विमानतळ. सोव्हिएत रशियातल्या किरोव्ह बॅलेची मंडळी लंडनच्या विमानाकडे निघालेली आणि 23 वर्षांच्या रुडॉल्फ नुरेयेवला ऐनवेळी सांगितलं जातं की तुला मॉस्कोला परत जायचंय. पाळतीवरच्या माणसांना चुकवून तो फ्रेंच पोलिसांकडे जातो, मला इथेच राहायचं आहे म्हणतो आणि पश्चिमेला तिचा सगळ्यात झळाळता नर्तक मिळतो. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातून त्याची आई गळूनच पडली. फरीदा तिचं नाव, उफा शहरात राहायची. मुलाने देश सोडल्यावर त्याला तिची भेट मिळाली ती 1987 मध्ये, गोर्बाचेव्ह यांच्या काळात, अगदी थोड्या मुदतीच्या परवानगीवर. तेव्हा ती शेवटच्या दुखण्यात होती आणि मुलाला धड ओळखण्याच्या अवस्थेत नव्हती. मधे 26 वर्षं गेली होती.

त्याच्या धैर्याबद्दल मला आदरच आहे. पण हल्ली मी जास्त विचार करते तो अख्खं घर उचलून निघालेल्यांचा. नवरा, बायको, मूल, कुणाची तरी म्हातारी आई. त्यांच्या निघण्याचे फोटो छापून येत नाहीत. नव्या गावात पोचल्यावर त्यांना आधी भाड्याचं घर लागतं, मग मुलाची शाळा, मग दातांचा डॉक्टर, आणि या सगळ्यात रोज दीड-दोन तास सराव करायला एक जागा. त्या जागेसाठी ती माणसं काय काय करतात, हे मला गेल्या काही वर्षांत अगदी जवळून कळत गेलं, तेही ठाण्यात बसून.

मी नौपाड्यात भरतनाट्यम शिकवते. माझी एक विद्यार्थिनी आणि तिचा नवरा, दोघंही माझ्याच क्लासमध्ये वाढले. तिचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला पूर्ण एकल कार्यक्रम, गडकरी रंगायतनला झालं तेव्हा तो विंगेत उभा राहून तिच्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता. लग्नानंतर त्याच्या नोकरीपायी दोघं लेकीला घेऊन नेदरलँड्सला, आइंडहोवनला गेले. तिथे तिने मुलांना शिकवायला एक हॉल भाड्याने घेतला. त्याच हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक युक्रेनी कुटुंब बॅलेचा वर्ग घेतं. त्या घराविषयी ती मला फोनवर सांगते. आधी येता-जाता बोलली, मग सविस्तर बोलू लागली आणि आता आमच्या फोनवर निम्मा वेळ त्यांचीच खबरबात असते.

नवरा-बायको दोघं नर्तक. युद्ध सुरू झालं तेव्हा नवरा कामासाठी देशाबाहेर होता, तो बाहेरच राहिला. बायको मुलाला आणि आपल्या आईला घेऊन पोलंडमार्गे निघाली. आई म्हणजे आजी. तिकडच्या बॅले शाळेत या आजींनी आयुष्यभर वर्गाला पियानोची साथ केली. बॅलेच्या वर्गात साथीदाराचं काम फार मोलाचं असतं, प्रत्येक व्यायामाला वेगळी लय, वेगळं वजन लागतं. आता हॉलमध्ये पियानो नाही. घडीच्या स्टँडवर कीबोर्ड ठेवून आजी वाजवतात. "ताई, वर्गाला तीनच मुली आल्या ना, तरी त्या पूर्ण वर्ग वाजवतात. एकही व्यायाम गाळत नाहीत," असं माझी विद्यार्थिनी सांगत होती तेव्हा तिचा आवाज जरा हलला होता.

जमिनीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण नाचणाऱ्या माणसाचं परदेश जमिनीपासून सुरू होतं. आपल्याकडे बहुतेक क्लासांची फरशी गुळगुळीत टाइलची, खाली सिमेंट. तिच्यावर वर्षानुवर्षं अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसून, पाय मारले की टाचा, गुडघे आणि कंबर सगळे बोलू लागतात. बॅलेत उड्या असतात आणि उडीवरून खाली येताना पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, म्हणून तिथे खाली पोकळी ठेवून बसवलेली, किंचित झुलणारी लाकडी जमीन लागते. माझ्या विद्यार्थिनीच्या घरात लाकडी जमीन होती, पण खाली दुसऱ्याचं घर होतं. तिने तट्ट अडवू, म्हणजे पाय आपटायचा पहिला धडा, सुरू केला आणि खालचे आजोबा वर आले. ते रागावले नाहीत, पण पुन्हा तसा पाय मारायची तिची छाती झाली नाही. बरेच दिवस ती जाड गालिच्यावर, मोजे घालून, बोल मनात म्हणत सराव करत होती. भरतनाट्यमचा पाय न वाजवता मारायचा म्हणजे काय हाल असतात, हे ज्याने पाय मारलाय त्यालाच कळेल. युक्रेनी नवऱ्याची एक सवय तिने मला सांगितली. कुठलाही हॉल दाखवला की तो भाडं विचारायच्या आधी टाचेने जमीन ठोकून पाहतो, चार ठिकाणी, आणि आवाजावरून ठरवतो. आत्ताचा हॉल त्यानेच शोधलेला, शाळेच्या व्यायामशाळेचा. म्हणून दोन्ही घरांना मिळाला.

नाचाला भाषा लागत नाही असं लोक सांगतात. बॅलेचा वर्ग जगभर जवळजवळ त्याच क्रमाने चालतो हे खरं. बारला, म्हणजे भिंतीलगतच्या दांड्याला, धरून आधी प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं, मग तांद्यू म्हणजे पाय ताणणं, मग पाय हळूहळू उंच होत जातात, मग बार सोडून मधोमध यायचं, संथ हालचाली, गिरक्या, छोट्या उड्या, मोठ्या उड्या आणि शेवटी नमस्कार. नावं सगळीकडे फ्रेंच. कीवमधली बाई आइंडहोवनला, शांघायला किंवा लिमाला, कुठल्याही वर्गात शिरली तरी बारपाशी उभी राहून काम सुरू करू शकते. पण तोच वर्ग स्वतः चालवायचा म्हटलं की भाषा लागतेच. भाड्याचा करार डच, विम्याचा फॉर्म डच, आणि "माझ्या मुलीला पॉइंट शूज कधी मिळणार?" असं विचारणारी आईही डच. घोट्याची हाडं आणि पाय पुरेसे तयार होईपर्यंत पॉइंटवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर, चढवायचं नाही, हे एका उतावळ्या आईला तिला न दुखावता समजावणं आपल्या मातृभाषेतही सोपं नाही. ठाण्यात मला "अरंगेत्रम कधी?" याचं उत्तर वर्षानुवर्षं द्यावं लागतंय.

त्या बाईचं वय चौतीस. बॅलेत हे वय उताराचं. बहुतेकांची रंगमंचावरची वर्षं चाळिशीच्या आतच संपतात. त्यातली दोन कागदपत्रांत आणि तात्पुरत्या घरांत गेली तर ती परत मिळत नाहीत. तिने काही ऑडिशन दिल्या. मग एका संध्याकाळी ठरवलं की आपण शिकवायचं, नवऱ्याने मिळतील ते प्रयोग करायचे. हा निर्णय मला नुसता ऐकूनही लागला. कारण हा असाच निर्णय मी अनेक घरांत पाहिला आहे आणि बॅलेच्या इतिहासातही तो पुन्हा पुन्हा सापडतो. घर परक्या मुलखात गेलं की कुणीतरी रंगमंच सोडून वर्ग धरतं, आणि तो वर्ग घराला जगवतो. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते.

मातिल्दा क्शेसिन्स्काया यांच्या घरात तर स्थलांतर दोन पिढ्यांचं. वडील फेलिक्स पोलिश नर्तक, वॉर्साहून सेंट पीटर्सबर्गला आलेले, मझुर्का या पोलिश नाचासाठी नावाजलेले. त्यांची मुलं युलिया, योसिफ आणि मातिल्दा, तिघंही झारच्या बॅलेत. मातिल्दा तर तिथल्या सर्वोच्च पदाला पोचल्या. मग 1917 आलं. त्यांचा वाडा बोल्शेविकांनी घेतला आणि त्याच वाड्याच्या सज्जातून लेनिन यांनी भाषणं केली. 1920 मध्ये मातिल्दा मुलाला घेऊन रशियातून बाहेर पडल्या, पुढल्या वर्षी फ्रान्समध्ये ग्रँड ड्यूक आंद्रेई यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पैसा संपत गेला. 1929 मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी पॅरिसमध्ये नृत्याचा वर्ग उघडला आणि राजघराण्यातल्या नवऱ्यासह सगळं घर त्या वर्गाच्या फीवर चालवलं. पुढे इंग्लंडच्या नामवंत नर्तकी मार्गो फॉन्टेनही त्यांच्याकडे शिकायला आल्या. योसिफ रशियातच राहिले. लेनिनग्राडच्या वेढ्यात, 1942 मध्ये, ते गेले. मातिल्दा 1971 मध्ये वारल्या, शंभरीला काही महिने कमी असताना. एकाच घरातल्या भावंडांची ही दोन मरणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की मला काही वेळ दुसरं काही वाचवत नाही.

त्याच शहरात स्तुदिओ वाकेर नावाच्या इमारतीत ओल्गा प्रेओब्राझेन्स्काया शिकवत. त्याही पीटर्सबर्गच्या. त्यांच्याकडे रशियातून पळून आलेल्या घरांतल्या मुली येत. त्यातली तमारा तुमानोव्हा तर जन्मलीच 1919 मध्ये, आई सायबेरियातून निसटत असताना, रेल्वेत. शांघाय, कैरो करत ते घर पॅरिसला आलं. 1932 मध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बालांशीन यांनी या वर्गांतून तुमानोव्हा, इरिना बारोनोव्हा अशा तेराच्या आसपासच्या मुली निवडून रंगमंचावर आणल्या आणि जग त्यांना 'बेबी बॅलेरिना' म्हणू लागलं. तुमानोव्हाची आई पुढे कित्येक वर्षं लेकीबरोबर गावोगाव हिंडली. विंगेत उभी राहणारी, बूट शिवणारी, केस बांधणारी आई. आमच्या सहयोग मंदिरातल्या कार्यक्रमांना हातात पिनांची डबी आणि गजरे घेऊन धावणाऱ्या आया पाहिल्या की मला ती आठवते.

मेलबर्नला एदुआर्द बोरोव्हान्स्की आणि त्यांच्या पत्नी झेनिया यांनी हेच केलं. ते चेक, त्या रशियन. दौऱ्यावर आलेले दोघं 1939 मध्ये ऑस्ट्रेलियातच राहिले आणि त्यांनी वर्ग सुरू केला. त्या वर्गातून बोरोव्हान्स्की बॅले उभं राहिलं आणि 1962 मध्ये ऑस्ट्रेलियन बॅले सुरू झालं ते त्याच पायावर. कंपनीला नाव एदुआर्द यांचं, पण वर्ग चालवला झेनिया यांनी. मॉन्ट्रियलला लुडमिला शिरियाएफ 1952 मध्ये नवरा आणि लहान मुलांसह उतरल्या, युद्धाने पोळलेल्या युरोपातून. तिथे दूरदर्शन नुकतं सुरू होत होतं. त्यांनी त्यासाठी नाच बसवले, माणसं घडवली आणि 1957 मध्ये ले ग्राँ बॅले कनादियाँ ही संस्था उभी केली. कॅनडाच्या फ्रेंच मुलखाला त्यांनी स्वतःचं बॅले दिलं.

सामानाची गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते. क्रांतीनंतर निकोलाय सर्गेयेव रशियाबाहेर पडले. पीटर्सबर्गच्या बॅलेचे ते व्यवस्थापक होते. त्यांच्याबरोबर नाचांच्या नोंदी होत्या, व्लादिमीर स्तेपानोव्ह यांनी संगीताच्या स्वरलेखनासारखी बसवलेली लिपी वापरून लिहिलेल्या. कुठे पूर्ण, कुठे फक्त पायांच्या, कुठे नुसत्या रंगमंचावरच्या रेषा. त्या नोंदींवरून 1930च्या दशकात सर्गेयेव यांनी लंडनच्या तरुण कंपनीला झिझेल, स्वान लेक, नटक्रॅकर, स्लीपिंग ब्यूटी शिकवलं. आज जगभर नाचली जाणारी ही बॅले त्या कागदांचं मोठं देणं लागतात. सर्गेयेव 1951 मध्ये गेले. कागद फिरत फिरत 1969 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पोचले.

अनेक वर्षांनी हे कागद वाचायला एक जोडपं बसलं, तेही स्थलांतरितच. अलेक्सेई आणि तातियाना रातमान्स्की. अलेक्सेई कीवमध्ये वाढलेले, तातियाना युक्रेनी, दोघंही नर्तक. 1992 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला, मग परत कीव, मग 1997 मध्ये कोपनहेगन, मग मॉस्को, मग न्यूयॉर्क. प्रत्येक ठिकाणी नवं घर मांडत. दोघांनी मिळून स्तेपानोव्ह यांची लिपी शिकून घेतली आणि 2015 मध्ये अमेरिकन बॅले थिएटरसाठी स्लीपिंग ब्यूटी त्या जुन्या नोंदींवरून पुन्हा उभं केलं. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा अलेक्सेई मॉस्कोत बोल्शोई बॅलेसाठी काम करत होते. ते काम टाकून निघाले. त्यांचे आईवडील कीवमध्ये होते. त्याच वर्षी हेगमध्ये, जुन्या संगीतशाळेच्या इमारतीत, निर्वासित युक्रेनी नर्तकांचं युनायटेड युक्रेनियन बॅले उभं राहिलं. राहायच्या खोल्या आणि सरावाच्या जागा एकाच छताखाली. रातमान्स्कींनी त्यांना झिझेल बसवून दिलं आणि सप्टेंबरमध्ये ते लंडनला नाचलं गेलं. एका परागंदा माणसाने जे नाच सामानात नेले होते, त्यातलाच एक नव्या परागंदा माणसांच्या पायांत आला.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारात, दुसऱ्या सरफोजींच्या काळात (1798 ते 1832), चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमची मांडणी केली. तिथेच सरफोजींनी नाचण्यासाठी मराठीत निरूपणं रचली. मराठी मुलखापासून इतक्या दूर, तमिळ देशात, मराठीत. ती हस्तलिखितं सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली आणि शतकाहून अधिक काळाने कोकणातून मुंबईत आलेल्या आचार्य पार्वतीकुमार यांनी ती हाती घेऊन पुन्हा पायांत आणली. सर्गेयेव यांच्या कागदांबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी पार्वतीकुमार आले.

आणि गौरा आणि कांतिमती. 1880 मध्ये तंजावरच्या मोहित्यांची लेक सयाजीराव गायकवाडांना दिली, त्या चिमणाबाई. लग्नात आंदण म्हणून नर्तकी, नाच शिकवणारे आणि ताल धरणारे नट्टुवनार आणि वादक असा अख्खा ताफा बडोद्याला पाठवला. या दोघी त्यात होत्या. आंदण हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. दागिने, भांडी आणि माणसं. कोणीही त्यांना विचारलं नसणार की तुम्हाला गुजरातेत जायचं आहे का. हवा वेगळी, जेवण वेगळं, प्रेक्षक तमिळ न कळणारे. तरी त्या तिथे वर्षानुवर्षं दरबारात नाचल्या. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्याच विद्यापीठात भरतनाट्यम शिकवू लागले. आंदणात दिलेल्या बाईचा मुलगा त्या शहराचा गुरू झाला. पॅरिस किंवा मेलबर्नच्या कुठल्याही गोष्टीइतकी ही गोष्ट मोठी आहे आणि ती आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बॅले आपल्या दारात आलं आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांच्या क्लबहाउसमध्ये गुलाबी मोजे घातलेल्या मुली दिसतात. नवी मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा, अमिरुद्दीन शाह, येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन शिक्षकाकडे मुंबईत शिकला आणि 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. परदेशातून इथे आलेल्या शिक्षकाने इथल्या मुलाला परदेशात पाठवलं. काही पालक मला विचारतात, मुलीला भरतनाट्यमला घालू की बॅलेला? मी म्हणते, शिक्षक पाहा. कुठल्या जमिनीवर शिकवतात ते पाहा. आणि तीनच मुली आल्या तरी पूर्ण वर्ग घेतात का, ते पाहा.

आइंडहोवनला या वर्षी हॉलचं भाडं वाढलं. दोन्ही घरांनी मिळून शनिवारचा अख्खा दिवस घेतला आहे, सकाळी बॅले, दुपारी भरतनाट्यम. मधल्या वेळेत डबे उघडतात. माझ्या विद्यार्थिनीची लेक बॅलेला जाते आणि आजींचा नातू हिच्याकडे अडवू शिकतो. त्याचा पाय चांगला पडतो म्हणे, पण अरमंडीत बसायचा कंटाळा करतो. हे मात्र जगभर सारखंच. आजींना तिश्र आणि खंड, म्हणजे तीन आणि पाच मात्रांच्या गती, यांतला फरक हवा होता, म्हणून मी इथून तट्टकळीवर, ताल धरायच्या लाकडी ठोकळ्यावर, ठोकून, बोल म्हणून रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी ते ऐकून उत्तरादाखल कीबोर्डवर पाच मात्रांचं काहीतरी वाजवून पाठवलं. माझ्या क्लासमधल्या मोठ्या मुलींनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

वर्षअखेरीला दोन्ही वर्गांचा मिळून कार्यक्रम आहे. माझ्या विद्यार्थिनीने नाचाचे कपडे आणि घुंगरू मागितले आहेत. पाचपाखाडीतल्या एका ताईंचा मुलगा पुढच्या महिन्यात तिकडे निघतोय, त्याच्या बॅगेत तीन किलोची जागा आहे. दोन्ही त्यात बसत नाही. तिला फोन करून विचारलं, तर म्हणाली आजींनी कपडे शिवायची तयारी दाखवली आहे, आयुष्यभर लेकीचे टुटू, बॅलेचे झालरीचे झगे, त्यांनीच शिवले, पंख्याच्या निऱ्या कशा घालायच्या तेवढं फक्त दाखवा. मी आमच्या क्लासच्या शिंपीकाकांना निऱ्या घालताना व्हिडिओ काढू द्या म्हणून सांगितलं आहे. ते तयार आहेत. घुंगरू पाठवते आहे.